मधल्या खुर्चीचा पोशाख

गोदातीर वकील स्नेहमंडळाच्या शताब्दीनिमित्त संस्थापकांचा जुना फोटो जसाच्या तसा पुन्हा काढावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. फोटोत अकरा वकील. डोक्याला पगडी, अंगात बंद गळ्याचा लांब कोट, खाली धोतर, खांद्यावर उपरणं, पायांत पंपशू. मधल्या खुर्चीत ॲडव्होकेट दिवाकररावांचे पणजोबा. तेव्हा ती खुर्ची आपलीच, असं दिवाकररावांनी गृहीत धरून टाकलं. उभ्या वकिलीत सांगण्यासारखं दुसरं काही हाती लागलेलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरुण वकील विश्वेशने हरकत घेतली. "पणजोबा हा पुरावा होत नाही. ज्याचा पोशाख मूळ फोटोशी जास्त जुळेल, तो मध्ये बसेल."

लगेच पोशाख उपसमिती नेमली गेली. तिने भिंग लावलं, तर पणजोबांच्या खांद्यावर पांढरा डाग आढळला. फोटोला बुरशी आली होती. पण बुरशी म्हणावं तर संस्थापकांचा अवमान. सबब तो 'मानाचा पट्टा' ठरला. दिवाकररावांनी नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून पगडी-कोट आणला आणि खांद्यावर पांढरा रंग फासला.

"अहो, हे काय सोंग?" त्यांच्या पत्नी सुधाताईंना हसू आवरेना.

"सोंग नाही, परंपरा आहे!" दिवाकरराव म्हणाले. आरशात मात्र त्यांना वरातीतला बँडवाला दिसला. स्वतःचंच हसू आलं, पण कोट काही उतरवला नाही.

सगळे वकील हजर सापडावेत म्हणून फोटो कामाच्या दिवशीच, भर एप्रिलात, कोर्टाच्या आवारात ठरला. विश्वेशही खांदा रंगवूनच आलेला. उपसमितीने निवाडा दिला: आधी बसेल त्याची खुर्ची, उठला की हक्क संपला. दिवाकरराव धोतर सावरत धावले आणि धपकन बसले. विश्वेश खुर्चीला खेटून मागे उभा राहिला.

तेवढ्यात निफाडचा खंडेराव धापा टाकत आला. त्याच्या द्राक्षबागेच्या वाटेचा दावा दिवाकररावांकडे होता.

"सायेब, आपला पुकारा झाला! चला ना, आज साक्ष हाय!"

"थांब रे. समोरच्यांचा वकील हा विश्वेशच. तो इथं उभा आहे, मग तिकडं आपलं वाकडं कोण करणार?"

"सर, तुम्ही या जाऊन," विश्वेश गोड आवाजात म्हणाला. "खुर्ची मी सांभाळतो."

"तूच जा की! आयता जिंकशील."

विश्वेश जागचा हलला नाही.

"हलू नका!" फोटोग्राफर ओरडला. "पगडी सरळ करा!"

पुन्हा पुकारा झाला. खंडेरावाने हात जोडले. "सायेब, वाट गेली तर माल बाहेर काढू कुठून? लय हाल व्हतील हो!" दिवाकररावांना लाज वाटली. अगदी खरी वाटली. पण बसल्या जागीच वाटली.

फोटो झकास आला. वकिलाला बोलवायला बाहेर आलेला खंडेराव आत गैरहजर ठरला आणि कोर्टाने त्याचा दावा काढून टाकला.

दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लागले. त्या दिवशी दिवाकररावांनी पणजोबांचे डोळे प्रथमच नीट पाहिले. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. कोणीतरी बाजूने हाका मारतंय आणि आपल्याला उठायचं नाहीये, अशी ती नजर होती.

तुमच्याही घरी असा एखादा रुबाबदार फोटो असेलच. पाहुण्यांना जरूर दाखवा. पोशाखाबद्दल भरपूर बोला, म्हणजे नजरेचं कोणी विचारणार नाही.