भुजंगरावांचं साऊंड कार्ड

भुजंगराव रिकाम्या खोलीचा आवाज भरून ठेवायचे. माइक टेबलावर, दार लावलेलं, आत कुणी नाही आणि कम्प्युटर चालू. मग दुपारभर स्पीकरला कान लावून तेच ऐकत बसायचे. मी विचारलं, "काका, काय ऐकू यायलंय यात?" म्हणाले, "काहीच न्हाई. काही न्हाई ना, तेच बगायलोय, सर."

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली पूर्णेला माझा कम्प्युटर क्लास होता. भुजंगराव रेल्वेतून रिटायर झालेले, बायको वारलेली. पुण्याच्या पुतण्यानं त्यांना कम्प्युटरला आवाज देणारं एक साऊंड कार्ड आणि लिनक्सच्या फ्लॉप्यांची चळत दिली होती, ती घेऊन रोज दुपारी माझ्या कोपऱ्यातल्या मशीनवर हजर. लिनक्स म्हणजे काळा पडदा नि पांढरी अक्षरं. चित्र नाही, माऊस नाही. कार्डाला काही सांगायचं तर टाइप करून सांगा.

कार्डाचा आणि प्रिंटरचा आतला नंबर एकच निघाला. इकडं मी सर्टिफिकिटं छापायला घेतली की तिकडं स्पीकर कण्हायचा. "एका जाग्यावर दोघं बसलेत," भुजंगराव शांतपणे म्हणायचे, "एकाला उठवावं लागतंय." उठवलं. मग नवाच नाद, दिसेल ती फाईल स्पीकरला पाठवायची. माझी हजेरीची यादी पाठवली, तर विहिरीत कुणी बाई रडावी तसा आवाज आला. झाडलोट करणाऱ्या मावशी त्या दिवसापासून आत यायच्या बंद झाल्या. खोटं कशाला बोलू, मीही टरकलो होतो. म्हातारं चळलंय, असं घरी म्हणालोसुद्धा.

एका दुपारी ते बुरशी लागलेली कॅसेट घेऊन आले. "ही येकदाच वाजंल, सर. मंग तुटती. म्हून चार महिने कार्ड तपासायलोय."

मेहुणीच्या लग्नातली कॅसेट होती. बायकोनं उभ्या जन्मात त्यांचं नाव एकदाच घेतलं होतं, त्या लग्नात, उखाण्यात. "अन् मी तवा भाईर पंगतीत वाढायलो होतो," भुजंगराव म्हणाले. "मेहुणीनं सांगितलं मागनं."

टेपरेकॉर्डरचा स्पीकर कधीच गेलेला. वायर सरळ कार्डात घातली. कॅसेट कुरकुरत फिरली, कम्प्युटरात भरली गेली आणि शेवटाला तुटलीच. भुजंगरावांनी दोन ओळी टाइप केल्या. स्पीकरच्या पेटीतून जाड, पुरुषी, ओढलेला आवाज आला, "भु... जं... ग..." मी दोन पावलं मागं सरकलो. ते मात्र पुटपुटले, "स्पीड चुकली," आणि आकडा बदलला.

आता बाईचा कोवळा आवाज. "भुजंगरावांचं नाव घेते..." एवढं म्हणून ती पुढचं विसरली. बायका हसल्या. संपलं.

भुजंगरावांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "सर, जरा भाईर थांबता का?"

मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. आतून पेटी म्हणाली, "भुजंगरावांचं नाव घेते," आणि भुजंगराव हळूच म्हणाले, "ओ." पुन्हा पेटी. पुन्हा "ओ." साडेतीनची बॅच आली, तिला मी बाहेरूनच घरी पाठवलं.