चौदा नंबरची पायरी

माणसाने विश्रांती घ्यावी, याबद्दल कुठल्याही देशात दुमत नाही. मात्र ती आमच्या थोरल्यासारखी घेऊ नये. तो विश्रांती घेतो तेव्हा बाकीच्यांना अंथरूण धरायची वेळ येते.

झालं असं की ऑफिसात खुर्चीवरून उठता उठता थोरला कोसळला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्वच्छ सांगितलं, "तीन महिने स्वस्थ बसा. बसला नाहीत तर आम्ही झोपवू." थोरल्याने त्याच आठवड्यात तीन महिन्यांचा परदेश दौरा ठरवला. घरी बसलं की ऑफिसचे फोन येतात, परदेशात येणार नाहीत, असं त्याचं गणित. (तिथेही येतात. फक्त आंघोळीच्या मधोमध येतात.) सोबत सूनबाई आणि मी. मला न्यायचं ठरलं नव्हतं, मी गेले. पोराला बसवायचं काम डॉक्टरांच्या कागदावर कुणाच्याच नावाने लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते मी माझ्याकडे घेतलं.

दौऱ्याचं नाव 'विश्रांती व स्थानिक संस्कृतीचा अनुभव'. तसा छापील कागदच फ्रिजच्या दारावर लागला. त्यातला एक दिवस नमुन्यादाखल देते.

सकाळी साडेपाच : बाजार उघडताना पाहणे.
सात : स्थानिक लोक कामाला जाताना पाहणे. (काम करणारी माणसं पाहायला थोरल्याला फार आवडतं. घरी सूनबाई आहे, पण ती रोजचीच.)
नऊ ते एक : वस्तुसंग्रहालये, तीन.
दोन दहा ते दोन पस्तीस : विश्रांती. (बूट न काढता.)
तीन ते सहा : उद्देशाशिवाय भटकणे. (नकाशा सोबत ठेवणे.)
सहानंतर : स्थानिक माणसाशी मनमोकळ्या गप्पा. किमान दोन माणसे.

सूनबाईने नवव्या दिवशी घोट्याला पट्टी बांधून सदर कार्यक्रमाचा राजीनामा दिला. घोट्याला काही झालं नव्हतं. शहाण्या बाईचा घोटा वेळेवर दुखतो.

थोरल्याच्या पायाला मात्र भिंगरी. एक्केचाळीस दिवसांत तो माझ्या मोजणीप्रमाणे सहा वेळा बसला, त्यातले चार वेळा बुटाची नाडी बांधायला. रोज सकाळी दंडाला पट्टा लावून रक्तदाब बघायचा, अशी डॉक्टरांची ताकीद होती. ते यंत्र माझ्या ताब्यात. एक्केचाळिसाव्या दिवशी त्यातला आकडा घरून निघताना होता त्याच्याही वर गेला.

मी म्हटलं, "अरे, आज नको जाऊस. बस जरा माझ्याजवळ."

"आई, तुझ्याजवळ काय, घरी गेल्यावरही बसता येईल," असं म्हणून तो गेला.

आता स्थानिक संस्कृतीबद्दल. आम्ही उतरलो ती गल्ली फार जुनी, आणि 'खरे स्थानिक जीवन' पाहण्यासाठी नावाजलेली. घरं सतरा. मी जातीने चौकशी केली (हातवाऱ्यांनी). सोळा घरांत आमच्यासारखीच स्थानिक जीवन पाहायला आलेली माणसं. सतराव्यात किल्ल्या देणारा बसतो, आणि तोही दुसऱ्या गावाहून बसने येतो. मूळचे लोक घरं भाड्याने देऊन गेले कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. स्थानिक संस्कृती पाहायला परदेशी गेले असावेत. समोरच्या दाढीवाल्याला थोरल्याने इथला समजून सलग दोन दिवस गाठलं आणि त्याची मतं वहीत उतरवून घेतली. दाढीवालाही थोरल्याची मतं उतरवून घेत होता. दोघांचं समाधान झालं.

अशा गल्लीत मी रोज दहा वाजता चौदा नंबरच्या, म्हणजे आमच्याच, पायरीवर मटार सोलायला बसू लागले. आत ऊन येत नाही, एवढंच कारण. पण हातात कॅमेरा, नकाशा किंवा पाण्याची बाटली नसलेलं माणूस अख्ख्या गल्लीत मी एकटीच. चौथ्या दिवशी पिवळी छत्री उंच धरलेली एक गाइड बाई अठरा माणसं घेऊन आली, माझ्यासमोर थांबली आणि गाभाऱ्यात बोलावं तशा आवाजात इंग्रजीत बोलू लागली. सूनबाई खिडकीतून मला अर्थ सांगत होती.

"आई, ती म्हणतेय, या गल्लीतल्या शेवटच्या मूळ रहिवासी."

"कोण?"

"तुम्ही."

"बरं. आणखी?"

"पिढ्यान्पिढ्या याच पायरीवर बसतात म्हणे."

"तिला सांग, तीन दिवस झालेत."

"कशाला? बघा ना, किती मन लावून ऐकतायत बिचारे."

दुसऱ्या दिवसापासून गर्दी वाढली आणि गर्दी वाढली की नियम येतात. एका वेळी एकाने माझ्या शेजारी बसायचं. अकरा मिनिटं. बोलायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, शेंगा दिल्या तर सोलायच्या. (माणसं भराभर सोलतात. किडका दाणा मात्र एकालाही ओळखता येत नाही.) एकाला मी म्हटलं, "नीट बस मेल्या, पाठीला बाक आलाय." त्याने डोळे मिटून मान हलवली आणि छत्रीवालीने ते जुनी म्हण म्हणून लिहून घेतलं. एक गृहस्थ उठताना रडले. त्यांच्या ओंजळीत मी सालं दिली, कचऱ्यात टाका म्हणून. गृहस्थ ती रुमालात बांधून घेऊन गेले.

थोरल्याला यातलं काही माहीत नव्हतं. साडेदहाला तो घरी सापडेल तर ना! एका संध्याकाळी मोबाइल नाचवत आला.

"आई, या गावात सगळ्यात पाहण्यासारखं काय आहे, माहितेय? एक आजी! नुसत्या बसतात. पाचपैकी पाच तारे आहेत त्यांना."

फोटोत चेहरा नव्हता, कारण फोटो कलात्मक होता. नुसते दोन हात आणि परात.

"काय बोलके हात आहेत, नाही?"

"हं," मी म्हटलं, "नखं कापायला झालीत."

"आई, तुला ना, कशातच काही दिसत नाही."

सूनबाई तोंडात ओढणी कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मला काही राग आला नाही. या हातांची एक सणसणीत थप्पड त्याने आठवीत खाल्लेली आहे. पण तेव्हा ते फार वेगाने आले होते; निरखायला सवड मिळाली नसेल.

त्याने नाव नोंदवलं होतं. चौकात जमायचं, छत्रीवाली नेईल तिकडे जायचं; परवा नंबर.

आत सूनबाई मला म्हणाली, "आई, यांना आत्ताच सांगून टाका ना."

"सांगितलं तर बसेल का तो? घरचीच आहे म्हणून उठून जाईल. नंबराने येऊ दे."

ठरल्या दिवशी तो रांगेत अकरावा होता. मोबाइलमध्ये डोकं घालून, गल्ली कुठली हेही न बघता पुढे सरकत सरकत माझ्यासमोर आला आणि त्याने आ वासला.

"आई? तू इथे काय करतेयस?"

"स्थानिक आहे. बस."

"अगं, पण..."

"बोलायचं नाही. मागे लोक खोळंबलेत."

बसला. हात सवयीने घड्याळाकडे गेला, तर छत्रीवालीने डोळे वटारले. तीन शेंगा सोलल्या. चौथी हातात तशीच राहिली आणि मान माझ्या खांद्यावर आली. घोरायलाच लागला. अकरा मिनिटं झाली तशी छत्रीवाली पुढे आली. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. (हे सगळ्या भाषांत कळतं.) ती मागे सरली आणि लोकांना काहीतरी म्हणाली. सूनबाईने खिडकीतून अर्थ सांगितला, "म्हणतेय, हे इथले लोक. यांच्यापाशी वेळ असतो."

झालं! पुढचे सगळे आम्हा दोघांचे फोटो काढून गेले.

दोन तासांनी तो जागा झाला. गल्ली रिकामी, माझा खांदा बधिर. पोराने आधी घड्याळ पाहिलं.

"अरे देवा! चार ठिकाणं बुडाली! आई, उद्या घरी गेल्यावर लोक विचारतील, एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंस? काय सांगू मी?"

मी त्याच्या मुठीतली शेंग काढून घेतली आणि म्हटलं, "सांग, आई पाहिली. हसणार नाही रे कुणी, उलट 'कशी असते?' म्हणून विचारतील. घरोघरी एकेक ठेवलेली आहे, पण पाहिलेली कुणीच नाही."