झुंबरबाईचा घास

लोणावळ्याच्या यार्डाला लागून झुंबरबाईची खानावळ होती. एकोणीसशे चौतीस साली तिथं दोन्ही वेळेला बावीस ताटं वाढली जात, आणि ती सगळी रेल्वेतल्या माणसांची. एका सोमवारी दुपारी भिमाजी फिटर हात धुवायला मागच्या दारी गेला, तर पेरूच्या झाडाखाली झुंबरबाई ओणवी होऊन घास बाहेर काढत होती. भाकरी जशी गेली तशीच परत आली होती. भिमाजी हात न धुताच आत आला.

"मावशी सवताच्या हातचं थुकून टाकतीया," त्यानं शेजारच्या पाटावरच्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या मारुती पॉइंटमनला सांगितलं.

मारुतीचा हात ताटातच थांबला. "का पर?"

"मला काय ठावं? रांधणारीला म्हाईत असंल, कशात काय पडलंय ते."

रात्रीच्या जेवणाला नऊ माणसं आली. बाकीची समोरच्या कस्तुराबाईच्या खानावळीत गेली होती.

खरी गोष्ट अशी होती की गेली चार वर्षं झुंबरबाईच्या छातीच्या मधोमध घास अडत होता. वर पाणी प्यावं, उभं राहावं, पाठ ताठ करावी, तेव्हा तो कधी खाली उतरे, कधी वर येई. शेवटी तिनं जेवणच काय, रांधलेलं चाखणंही सोडलं आणि पातळ पेज आणि दूध यांवर दिवस काढू लागली. त्या सोमवारी नव्या तांदळाच्या भाकरीचा वास आला म्हणून तिला राहवलं नव्हतं, एवढंच. रांधणारी बाई आजारी आहे म्हटलं की गिऱ्हाईक टिकत नाही, हे ठाऊक असल्यानं तिनं नवऱ्याशिवाय कुणाला काही सांगितलं नव्हतं. नवरा अंबाजी स्वभावानं गरीब. त्यानं वैद्याकडून पित्ताचं चूर्ण आणलं, उर्से गावच्या भगताकडून अंगारा आणला. चूर्ण अडकलं. अंगारा तेवढा खाली गेला.

"उद्या समद्यांच्या म्होरं बसून जेवते," झुंबरबाई म्हणाली. "मंग तरी त्यांची तोंडं गप व्हतील."

"अगं, पर घास अडला तर?"

"न्हाई अडायचा. मी दम धरून खाते."

दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन सगळ्यांच्या समोर बसली. नऊ माणसं स्वतःचं जेवण सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिनं तांब्या उचलला. चौथ्याला ती उभी राहिली, पाठ ताठ केली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडावर पदर धरून ती पेरूच्या झाडाकडे पळाली.

त्या रात्री चार ताटं लागली. त्यात भिमाजी होता, कारण पुढं काय होतं ते त्याला बघायचं होतं.

आता मात्र अंबाजी हट्टाला पेटला आणि बायकोला बाजारपेठेतल्या तरुण डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी नुसतं विचारलं.

"वर येतं ते आंबट असतं का?"

"न्हाई. कालची पेज आज वर येती, आन ती पेजच असती."

"पाणीसुद्धा अडतं?"

"थंड पाणी तर लयच."

डॉक्टरांनी कानातली नळी तिच्या पोटावर टेकवली, घोटभर पाणी प्यायला सांगितलं आणि हातातलं घड्याळ बघत राहिले.

"पाणी दहा सेकंदांत पोटात पडल्याचा आवाज यायला हवा," ते म्हणाले. "मी दोन मिनिटं ऐकतोय, अजून पडलेलं नाही!" त्यांचा चेहरा उजळला होता. "बाई, हा फार दुर्मिळ आजार असावा. लाखात एखाद्याला होतो."

"मंग मलाच कसा गावला?"

"ते कुणालाच माहीत नाही. मी पुस्तकात वाचलाय, पेशंट आज पहिल्यांदा पाहतोय."

"पुस्तकातल्या बाईला काय औशीद दिलं?"

डॉक्टरांनी औषधाआधी तिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं तिला खडूसारखं पांढरं पाणी पाजून छातीचा फोटो काढला. फोटोत अन्ननळी वर दुधीभोपळ्यासारखी फुगलेली आणि खाली मुळ्याच्या शेंड्यासारखी निमुळती दिसत होती. "पोटाचं तोंड घासासाठी उघडतच नाही," तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. "पण गाठबीठ काही नाही." ते ऐकून अंबाजीनं त्यांना वाकून नमस्कार केला. गाठीची भीती त्यानं चार वर्षं कुणालाच बोलून दाखवली नव्हती, बायकोलाही नाही.

उपाय म्हणून त्यांनी बोटाएवढी जाड, काळी रबरी नळी दिली. नळीत पारा भरून दोन्ही तोंडं बंद केलेली होती. जेवणाआधी ताठ बसून ती गिळायची, वरचं टोक हातात धरायचं. पाऱ्याच्या वजनानं पोटाचं तोंड उघडतं. दहा मिनिटांनी नळी काढायची आणि जेवायचं.

"अवो, तिला घास जात न्हाई, आन ही नळी जाईल व्हय?" अंबाजीनं विचारलं.

पण तिथल्या आठ दिवसांत झुंबरबाई नळी गिळायला शिकली. घरी आल्यावर तिनं बंद ठेवलेली खानावळ पुन्हा उघडली, आणि ती रोज दार लावून नळी घेऊन बसे. नळी आत असताना तिला बोलता येत नसे. अंबाजी तेवढ्यात सगळी राहिलेली बोलणी उरकून घेई.

चौथ्या दिवशी तिनं नळी धुऊन स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळत टाकली आणि ती पाण्याला गेली. भिमाजी मीठ मागायला आत डोकावला. दोरीवर काळं, लांब काहीतरी हलत होतं.

"साप! मारुती, साप!"

त्यानं चुलीजवळचं लाकूड उचललं आणि एकाच घावात नळी फोडली. जमिनीवर चकचकीत गोळ्या सैरावैरा धावल्या.

"आरं, याच्या पोटातनं चांदी निगाली!"

मारुती वाकला. "चांदी न्हाई, पारा हाय ह्यो. आन मावशीच्या सैपाकघरात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भिमाजीनं पोटावर हात ठेवला. तेवढ्यात झुंबरबाई घागर घेऊन दारात आली. जमिनीवरचा पारा पाहून तिनं घागर खाली ठेवली आणि चार वर्षांत कुणाला न सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. अडलेला घास, पेज, फोटो, नळी. "माज्या जेवणात काय बी न्हाई. मला जेवता येत न्हाई, म्हून जेवत न्हाई. आन आज लय दिसांनी मूठभर भात पोटात ऱ्हायला व्हता, तर तुमी माजं औशीदच मारलंत!"

भिमाजी लाकूड टाकून डॉक्टरांकडे पळाला.

डॉक्टर धावत आले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि पारा कागदावर गोळा करून बाटलीत भरला. दुसऱ्या दिवशी भिमाजी रजा टाकून पुण्याला गेला आणि नवी नळी घेऊन आला. गाडीत ती त्यानं मांडीवर धरली होती. यार्डात त्यानंच सगळ्यांना खरी हकीकत सांगितली, आणि महिन्याभरात चार ताटांची पंचवीस झाली.

एके दुपारी झुंबरबाई पुन्हा ताट घेऊन सगळ्यांच्या समोर बसली. भाकरी, आमटी, भात. एक एक घास खाली उतरत गेला. अर्धी भाकरी संपली, पाठ ताठ करावी लागली नाही. अंबाजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. झुंबरबाईनं आमटीची वाटी तोंडाला लावली आणि थांबली.

"ही आमटी मी रोज अशीच करते?"

"व्हय," मारुती म्हणाला.

"चार वर्सं? एवढी खारट?"

मारुतीनं मान डोलावली.

"आन तुमी बोलला का न्हाई?"

"तुमास्नी कोन बोलनार?" भिमाजी हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं मीठ निम्मं केलं, मसाला स्वतः चाखून घातला. पंगत बसली. भिमाजीनं आमटी ओरपली, मग मारुतीकडे बघितलं, मारुतीनं शेजाऱ्याकडे. शेवटी भिमाजीनं धीर करून वाटी पुढं सरकवली.

"मावशी, रागावू नगा. पर कालचीच आमटी आसंल तर तीच वाढा. हिला चव न्हाई."