विचारून देणारे चुरीकाका

‘तुम्ही द्याल ते चालेल’ म्हटलं की कुठलाही दुकानदार खूश होतो. आमचे चुरीकाका भडकतात. बोईसरला त्यांचं औषधांचं दुकान आहे. तिथे हे वाक्य बोललात तर औषधाआधी व्याख्यान मिळतं.

“मी कोन देनार? डॉक्टरनी काय लिवलंय ते दाखवा.”

चिठ्ठीतलं औषध नसेल, तर त्याच कामाचं दुसरं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, असा कायदा आहे. या कायद्याशी काकांचं रोजचं भांडण. “चाळीस वर्सं गोळ्यांत गेली माजी. कुठली कुठलीची बहीन हाय, मला झोपेत कळते. तरी परवानगी मागायची!” एवढं बोलून ते फोन उचलतात आणि परवानगी मागतात. तीही उभं राहून, चष्मा पुसून. मग चिठ्ठीमागे वेळ टाकून गिऱ्हाइकाची सही घेतात. सालवडच्या आम्हा कामगारांना कारखान्यात चिकटतानाही इतक्या सह्या कराव्या लागल्या नव्हत्या.

गेल्या महिन्यात आईची रक्तदाबाची गोळी बोईसरभर मिळेना. घरात एकच उरलेली. डॉक्टर चिंचणीचे, त्यांचा फोन बंद. मी वैतागून बोलून गेलो, “काका, द्या ना दुसरी. तुम्ही द्याल ते चालेल.”

काकांनी व्याख्यान दिलं नाही. शटर ओढलं आणि स्कूटर काढली. “बस मागं.” भर दुपारी, दोन गिऱ्हाइकं दारात ताटकळत ठेवून आम्ही चिंचणीला गेलो.

डॉक्टर ताटावरून उठले. आईला कोरडा खोकला वगैरे होतो का, हे मला विचारून त्यांनी नवी गोळी लिहिली. “चुरी, ही तुम्हाला सुचली नाही?”

“सुचली होती,” काका म्हणाले.

परतताना माझा पारा चढला. “मग दिली का नाहीत?”

काकांनी स्कूटर बाजूला घेतली. “तुज्या काकूची गोळी मी बदलली होती एकदा. घरच्या घरी, कोनाला न विचारता. तिला खोकला लागला. तीन महिने मी खोकल्याचं औषध पाजत रायलो. खोकला त्या गोळीचाच होता.”

काकू गेल्या त्या पुढे कितीतरी वर्षांनी, वेगळ्याच आजाराने. काकांना धीर यावा म्हणून मी तसं बोलून दाखवलं.

“ते खरं. पन तीन महिने बाई झोपली नाय. एकदा पन तक्रार नाय. मी गोळी हातावर ठेवली की बोलायची, तुमी द्याल ते चालेल.”