लाल चिठ्ठी

पाळणा घरात आला आणि आरामखुर्ची गॅलरीत गेली. गोदामप्रमुखांनी तेही सोसलं. मग बाबागाडी आली, टब आला, बाटल्या उकळायचं यंत्र आलं, बाळाचे ओले रुमाल कोमट ठेवणारी एक पेटीसुद्धा आली. एका संध्याकाळी ते कामावरून येऊन सवयीने खुर्चीत टेकायला गेले, तर खुर्चीवर टब पालथा आणि टबावर न उघडलेली खोकी. दिवसभर लोकांचा माल सांभाळायचा आणि घरी स्वतःला बूड टेकायला जागा नाही, म्हणजे हद्द झाली.

"दोन महिन्यांच्या पोरीला एवढं लागतं?" ते बायकोला म्हणाले. "यातलं निम्मं नुसतं पडून आहे."

"निम्मं म्हणजे कुठलं, ते सांग," बायको म्हणाली.

तेवढ्यासाठीच तर गोदामप्रमुख टपून बसले होते. त्यांच्या गोदामात पडून असलेल्या मालावर लाल चिठ्ठी चिकटवायची पद्धत होती. ज्याने वस्तू वापरली, त्यानेच चिठ्ठी काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ठरल्या दिवशी जिच्यावर चिठ्ठी उरेल, ती वस्तू बाहेर. नियम त्यांनीच केलेला आणि त्यावर त्यांचा फार जीव. त्यांनी घरभर चिठ्ठ्या लावल्या आणि मावसभावाला फोन करून शनिवारी टेम्पो आणायला सांगितलं. त्याच्याकडेही पाळणा हलायचा होता.

"खुर्चीला नाही लावलीस?" बायकोने विचारलं.

"ती माझी आहे."

"पसारा बाळाचा म्हणतोस आणि जागा खुर्चीने अडवलीये. जे बाळाच्या कामाचं तेच राहील. नियम म्हणजे नियम."

आता स्वतःच्याच नियमाला नाही कसं म्हणणार? गोदामप्रमुखांनी जड हाताने खुर्चीच्या पाठीला चिठ्ठी लावली.

दुसऱ्या दिवशी रुमालांच्या पेटीवरची चिठ्ठी गायब. बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या सासूबाई पेटीतलं कोमट फडकं गुडघ्यावर ठेवून बसल्या होत्या.

"आई, ते बाळासाठी आहे."

"मग, जावईबापू? बाळाला घेऊन फेऱ्या कोण मारतं? गुडघाच ना?"

टबात दुपटी भिजत पडली, त्याची चिठ्ठी गेली. बाबागाडीतून सासूबाईंनी आठवड्याची भाजी आणली. "आई जेवली तर बाळाला दूध," एवढं बोलून त्यांनी तिचीही चिठ्ठी काढली. सगळ्याच वस्तू कामाच्या निघाल्या. राहता राहिल्या दोनच वस्तू: पाळणा, कारण लेक त्यात ठेवली की भोकाड पसरायची, आणि खुर्ची.

शुक्रवारी गोदामप्रमुख खुर्चीवरची खोकी हलवून तीत बसले आणि म्हणाले, "आण तिला इकडे." बायकोने लेकीला त्यांच्या हातात दिलं. त्यांचे हात ताठ झाले, लेक रडायला लागली आणि त्यांनी ती घाईघाईने परत केली. दोन महिने हे असंच चाललं होतं.

शनिवारी गोदामात लोक जरा वेगळंच वागत होते. हमाल त्यांच्या मागून जाताना एकमेकांना कोपराने ढोसत होते. हिशेबनीस बाई उगाचच मायेने म्हणाल्या, "साहेब, तब्येतीला जपा." निघताना पहारेकऱ्याने विचारलं, "साहेब, तुमचा टेम्पो कधी येतोय?"

"माझा? सामानाचा."

"नाही, पाठीवर चिठ्ठी आहे म्हणून विचारलं."

गोदामप्रमुखांनी हात मागे नेऊन चाचपलं. शर्टावर लाल चिठ्ठी.

"सकाळपासून आहे? मग कुणी काढली का नाही?"

"नियम तुमचाच ना, साहेब," पहारेकरी आदबीने म्हणाला. "वापरेल त्याने काढायची. आम्ही कसा हात लावणार?"

गोदामप्रमुख घरी आले ते चिठ्ठी हातात धरूनच.

"हे कुणाचं काम?"

"माझं," बायको शांतपणे म्हणाली. "घरातल्या सगळ्या वस्तू बाळाच्या उपयोगी पडल्या. तूच तेवढा राहिलास. मी दमलेय रे."

त्यांना राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं. "मला भीती वाटते," ते शेवटी म्हणाले. "तिची मान किती डुगडुगते."

"रोज काचसामान हाताळतोस."

"काचसामानावर लिहिलेलं असतं, कुठली बाजू वर ते."

बायकोला हसू फुटलं. गोदामप्रमुखांनी मात्र चिठ्ठी आपल्या छातीवर चिकटवली, नियम म्हणजे नियम, आणि गॅलरीत खुर्चीत जाऊन बसले. सासूबाईंनी नातीला आणून त्यांच्या छातीवर पालथी ठेवली, त्यांचा एक हात तिच्या मानेमागे आणि दुसरा पाठीवर बसवला. "आता हलू नका," म्हणाल्या. लेक थोडी कुरकुरली, तिने शर्ट चाचपला, एक उसासा टाकला आणि झोपली. गोदामप्रमुखांनी श्वाससुद्धा जपून घेतला. एवढंसं ते ओझं, पण त्यांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात मावसभाऊ आला. "चिठ्ठीवालं सगळं न्यायचं ना? पाळणा दिसला. ही खुर्ची पण का?"

"हळू बोल," गोदामप्रमुख कुजबुजले. "खुर्ची बाळाच्या कामाची आहे."

"अरे, पण पाठीला चिठ्ठी आहे."

"मी काढली असती. उठता येत नाहीये."

बायको पुढे झाली, खुर्चीवरची चिठ्ठी काढण्यासाठी हात नेला आणि थांबली. "आणि तुझी कुठे गेली?"

गोदामप्रमुखांनी मान न हलवता खाली पाहिलं. छातीवर चिठ्ठी नव्हती. सासूबाईंनी वाकून नातीची मूठ पाहिली. इवल्याशा बोटांत लाल कागद चुरगळून घट्ट धरलेला होता.

"वापरलं तिने, काढली तिने," सासूबाई म्हणाल्या.

मावसभाऊ पाळणा घेऊन गेला. बायकोने गोदामप्रमुखांचा चहा आणून समोर ठेवला. तो हाताच्या अंतरावर होता, पण दोन्ही हात कामात होते. चहा गार होत गेला, आणि गोदामप्रमुख त्याच्याकडे बघत खुशाल बसून राहिले.