गायकवाड काकांचा जड क्लच

गेला सबंध उन्हाळा आमच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणा आला, की लिफ्टपर्यंत पोचायच्या आत गायकवाड काका त्याला गाठायचे आणि विचारायचे, "आपल्याला एक मिनिट आहे का? जरा आमचा क्लच दाबून बघता?"

पाहुणा गोंधळायचा. तोवर काकांनी आपल्या जुन्या निळ्या गाडीचं दार उघडलेलं असायचं. तो बिचारा आत बसायचा, डावा पाय रोवायचा, दात-ओठ खाऊन दाबायचा. मग काका दारात वाकून म्हणायचे, "आता निष्पक्ष मत द्या."

"जड आहे."

"मोठ्यानं द्या. मला ऐकू कमी येतं."

हे साफ खोटं. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यातली बरीच वर्षं खडकवासल्याला गेली. तिसऱ्या मजल्यावर कुणाचा नळ ठिबकतोय हे त्यांना खाली पार्किंगमध्ये ऐकू येतं, आणि ते वर येऊन सांगतातही. पण क्लचच्या बाबतीत ते ठार बहिरे व्हायचे. पाहुणा "फार जड आहे हो" असं ओरडला, की काका तृप्त चेहऱ्यानं त्याला लिफ्टपर्यंत पोचवायचे.

गॅस सिलिंडरवाल्यानं तो क्लच दाबला, कुरियरवाल्यानं दाबला. माझी नणंद सोलापूरहून पहिल्यांदाच आली होती, तिनंही बॅग हातात धरून दाबला. "तुमच्या पुण्यात पाणी नंतर विचारतात वाटतं," एवढंच ती म्हणाली. मी तर कायमची साक्षीदार. खराडीच्या ऑफिसातून अर्धमेली होऊन यावं, तर काका दार उघडून उभेच. मला दोन्ही पाय लावावे लागायचे. माझ्यावर त्यांचा विशेष लोभ होता, कारण माझा आवाज चार इमारतींना पुरतो, असं माझा नवरा म्हणतो.

फक्त आमच्या चेअरमन भोसल्यांनी घात केला. भोसले रोज सकाळी जिमला जातात आणि ते सगळ्यांना कळावं अशी त्यांची इच्छा असते. त्यांनी क्लच दाबला, चेहरा लाल झाला, मानेची शीर टरारली, आणि ते म्हणाले, "छे, जड कुठला? लोण्यासारखा आहे." तेही मोठ्यानं. काकांनी त्यांना गाडीतून अक्षरशः हाताला धरून उतरवलं. "आपण निष्पक्ष नाही," ते म्हणाले आणि पुढचा महिनाभर भोसल्यांशी बोलले नाहीत.

आता गंमत अशी, की काका स्वतः गाडी चालवतच नाहीत. लायसन्स आहे, पण रस्त्यावर गेले की त्यांना घाम फुटतो. त्यांच्याकडे गाडी चालवायच्या त्या काकू. काकू सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या. दिवसपाळी असो की रात्रपाळी, गाडी त्यांच्या हातात आणि काका डाव्या सीटवर. त्या डाव्या सीटपुढच्या मॅटला एकाच जागी, तळव्याएवढं, झिजून भोक पडलं आहे. क्लच दाबताना ती मला दर वेळी दिसायची आणि मी मनात म्हणायची, या माणसानं बसल्या बसल्या मॅटसुद्धा फाडली.

हिवाळ्यात काकूंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असताना काकांनी नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत फेऱ्या मारून गाडी नटवली. नवी सीट कव्हरं आणली. मेकॅनिककडून नवा क्लच सेट टाकून घेतला. आणि एक दोन भोंग्यांचा हॉर्न आणून स्वतःच्या हातानं बसवला. हा हॉर्न वाजला की नगर रस्त्यावरचा ट्रक बाजूला व्हावा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काकू मोठ्या हौसेनं गाडीत बसल्या. क्लच दाबला. पुन्हा दाबला. मग त्या उतरल्या, काठी घेतली आणि म्हणाल्या, "पाय गेला माझा. गाडी विकून टाका." मुलगा फोनवर म्हणाला, ऑटोमॅटिक घेऊ या. काकू म्हणाल्या, आता काहीच नको. त्या दिवसापासून त्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागल्या.

हे सगळं मला काकूंनीच सांगितलं. मी एका संध्याकाळी त्यांना आंबे द्यायला गेले होते. खाली काका कुणाला तरी "अजून मोठ्यानं" म्हणत होते. वर गॅलरीत एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"ऐकतेस ना," काकू म्हणाल्या. "माझी समजूत काढायला लोकांकडून वदवून घेतात. मी आयुष्यभर पेशंटना असंच सांगत आले, काही नाही हो, बरे व्हाल. मला काय कळत नाही? भोसले तेवढे खरं बोलले."

मला काकांची दया आली आणि रागही आला. इतक्या साक्षी गोळा केल्या आणि एकही कामाची नाही.

"काकू," मी हळूच म्हटलं, "मला कुणी शिकवलेलं नाही. मला खरंच दोन्ही पाय लावावे लागतात."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मेट्रन थर्मामीटरकडे पाहते तसं. "दोन्ही?"

"दोन्ही. आणि भोसल्यांच्या मानेची शीर फुटायची बाकी होती."

काकूंनी काठी उचलली.

त्यांना जिन्यावरून उतरताना पाहून काका गाडीजवळ ताठ उभे राहिले. "मेकॅनिकनं काय काय पाहिलं?" काकूंनी विचारलं.

"क्लच सेट परत काढून पाहिला. पेडलला ग्रीस लावलं. केबलला तेल सोडलं."

"आणि हा हॉर्न?"

"त्याला हात लावू दिला नाही. हॉर्नचा आणि क्लचचा काय संबंध?"

"बॉनेट उघडा."

काकांनी हॉर्न इतका घट्ट आवळून बसवला होता, की त्याच्या पट्टीखाली क्लचची केबल दाबली जाऊन कोपरासारखी मुरडली होती. काकूंनी नुसतं बोट दाखवलं. काकांनी पाना आणला, हॉर्न काढला, केबल मोकळी केली.

"एवढा भोंगा हवा होता कशाला?" काकूंनी विचारलं.

काका पान्याकडे बघत म्हणाले, "लोक पटापट बाजूला झाले, तर तुला क्लच कमी दाबावा लागेल. गुडघ्याला आराम, म्हटलं."

मला हसू आलं होतं, ते तिथंच विरलं. काकू गाडीत बसल्या. काका दारात वाकले. क्लच खाली गेला, वर आला.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं. या वेळी इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं.

"हलका आहे," काकूही तितक्याच हळू म्हणाल्या. "बसा."

काका वळसा घालून डाव्या सीटवर बसले. त्या बाजूचं दार लावायला मी वाकले, तेव्हा त्यांचे पाय मला दिसले. काकूंनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि त्याच क्षणी काकांचा डावा पाय मॅटवरच्या त्या भोकावर टेकला आणि काकूंच्या पायाबरोबर खाली दाबला गेला.