नारिंगी शर्टाच्या मागे

चष्मेवाल्याने धावायचं कबूल केलं ते सासऱ्यांच्या खाटेपाशी, आणि तेही रागाच्या भरात.

सासरे नावाजलेले वकील. आता ते हॉस्पिसच्या वरच्या मजल्यावर होते. आजार बरा होणार नाही हे मान्य करून माणसाला सुखात ठेवायचं, अशी ती जागा. वकीलसाहेबांचं शरीर थकलं होतं, पण जिभेला आजाराचा वाराही लागला नव्हता. लिफ्ट बंद पडल्यामुळे त्यांना खाली बागेत जाता येत नव्हतं. नव्या लिफ्टसाठी संस्थेने पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती. धावणाऱ्याने ओळखीतले देणगीदार गाठायचे आणि त्यांनी किलोमीटरमागे पैसे द्यायचे.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुम्ही शेवटचे धावलात कधी?"

"बस सुटत होती तेव्हा."

"मिळाली?"

"नाही."

"झालं. साक्षीदाराने कबुली दिली."

"मी धावणार!" चष्मेवाला ओरडला. शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

त्याच्या चष्म्याच्या दुकानाशेजारचा औषधवाला देणगीदारांत सगळ्यात दिलदार निघाला. चष्मेवाल्याच्या पोटावर एक नजर टाकून तो चारचौघांत म्हणाला, "तू जितके किलोमीटर धावशील, त्या प्रत्येकामागे मी इतरांच्या दहापट देईन!" हा पहिल्याच कोपऱ्यावर बसकण मारणार याची त्याला खात्री होती. खरं सांगायचं तर चष्मेवाल्यालाही होती.

शर्यतीच्या सकाळी संस्थेने दिलेला नारिंगी शर्ट त्याने अंगात घातला, म्हणजे लोडावर उशीचा अभ्रा चढवावा तसा चढवला. बायकोने दंडाला फोन बांधून दिला, किती धावला ते मोजायला. जागच्या जागी चार उड्या मारताच घामाने चष्मा नाकावरून घसरायला लागला. त्याने तो बायकोच्या हातात दिला.

"अहो, दिसेल का तुम्हाला?"

"त्यात बघायचंय काय? पुढच्या नारिंगी शर्टाच्या मागे जायचं!"

चष्म्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका, असं जन्मभर गिऱ्हाइकांना बजावणारा माणूस असा निघाला.

दोन मिनिटांत सगळे नारिंगी ठिपके पुढे विरघळले. चष्मेवाल्याच्या छातीचा भाता झाला. तेवढ्यात चौकात एक ठिपका डावीकडे वळताना दिसला. तोही वळला. हा ठिपका चक्क चालत होता! आपल्याहून वाईट कोणीतरी आहे, या आनंदाने त्याला हुरूप आला.

"अहो, थांबा! आलोच मी!"

ठिपक्याने मागे वळून पाहिलं. लालबुंद चेहऱ्याचा, दोन्ही हात पसरलेला एक अवाढव्य माणूस भोसकलेल्या रेड्यासारखा धापा टाकत अंगावर येत होता. ठिपका जीव घेऊन पळाला.

शर्यतीला रंग चढला, असं चष्मेवाल्याला वाटलं. ठिपका बाजारात शिरला, हाही शिरला. ठिपका वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून गेला, हा चादरींसकट गेला. तळ्याला ठिपक्याने दोन फेऱ्या मारल्या. संयोजकांनी मार्ग जरा विचित्रच आखलाय, असं मनात म्हणत यानेही मारल्या. मध्येच एक कुत्रा सामील झाला, पण त्याला हे फार होतंय असं वाटून तो थांबला. शेवटी ठिपका एका इमारतीच्या मागच्या दारातून आत घुसला आणि त्याने धाडकन दार लावलं.

चष्मेवाला दारावर कोसळला. "शर्यत... संपली का?"

"मी तुमचं काय वाकडं केलंय हो?" आतून रडवेला आवाज आला.

तो हॉस्पिसचा स्वयंपाकी होता. बस चुकली म्हणून पायीच कामावर निघाला होता. अंगातला शर्ट गेल्या वर्षीच्या शर्यतीतला.

वरच्या मजल्यावर स्वयंपाक्याने ही हकिकत सांगितली तेव्हा वकीलसाहेब इतके हसले, की काहीतरी झालं असं समजून नर्स धावत आली. कारण कळल्यावर तीही हसून हसून खाली बसली. चष्मेवाला मान खाली घालून उभा होता. पाच किलोमीटरमधलं पहिलं वळणही आपल्याला धड जमलं नाही. लिफ्टची एक कळसुद्धा आपल्या पायांनी येणार नाही.

इतक्यात शर्यतीत कुठेच न सापडलेल्या नवऱ्याला शोधत बायको चष्मा घेऊन आली. मागोमाग औषधवाला. बायकोने दंडावरचा फोन पाहिला आणि ओरडली, "अहो, अकरा किलोमीटर!"

औषधवाल्याचा चेहरा पडला. "शर्यत पाचची होती! आणि हा तर शर्यतीबाहेर धावला. मी एक पैसा देणार नाही."

"मला जरा उठवून बसवा," वकीलसाहेब म्हणाले. पाठीशी उशी लागली, आवाज बदलला. "तुमचे शब्द काय होते?"

"जितके किलोमीटर धावशील..."

"'शर्यतीत' म्हणाला होतात?"

"नाही, पण त्याचा अर्थ..."

"अर्थ मागाहून. हा इसम धावला की नाही?"

"धावले साहेब!" स्वयंपाकी कळवळून म्हणाला. "शपथेवर सांगतो!"

औषधवाल्याने दाराकडे पाहिलं. तिथे हाताची घडी घालून नर्स उभी होती. त्याने डोकं खाजवलं, मग त्यालाही हसू फुटलं. "हरलो, वकीलसाहेब. देतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरे जावयाच्या बाजूने उभे राहिले ते आजच. चष्मेवाला स्वच्छ चष्मा पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"बाबा, तुम्ही..."

"फुकट नाही. माझी फी लागेल."

"काय देऊ?"

"सगळं पुन्हा सांगा. स्वयंपाक्याच्या तोंडून नको, तुमच्या. अगदी पहिल्यापासून."

चष्मेवाला खाटेच्या कडेला बसला आणि सांगायला लागला. या खेपेला तो जिथे पडला नव्हता तिथेही पडला.